तुक्याचं घर

वेवजी, १९ नोव्हेंबर २०२४

ती. मुक्ताताईंना दक्षाचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, घरी सगळं ठीक आहे. तुमच्या शेजारच्या श्रुतिकाबाई बदलून आमच्या शाळेवर आल्यात, रोज डहाणूहून येऊन-जाऊन करतात. म्हटलं, त्यांच्याच हाती चिठ्ठी द्यावी. फोन यांच्याकडे असतो आणि हे तो स्पीकरवरच लावतात. तुम्ही तिकडे एकटं बोलता, इकडे अख्खी पडवी ऐकते, आणि मला विचारायचं ते राहून जातं.

विचारायचं एवढंच, की थंडी वाढायच्या आधी तुक्यासाठी बाहेर घर बांधायचं आहे. आईंनी तलासरीच्या बाजारातून पिशवीत घालून आणलेलं पिल्लू, आता म्हातारं झालं. तुमच्या बिल्डिंगमध्ये जनावरांचे डॉक्टर राहतात ना? त्यांना विचाराल का, की उघड्यावर ऊब राहील असं घर कसं बांधायचं? खळ्याच्या कडेला जागा आहे. भिंती पत्र्याच्या कराव्या की कुडाच्या? खाली काय अंथरावं? जरा ऐसपैस हवं. पाय पसरून निजता यावं.

भाताची झोडणी चालू आहे. आबा खळ्यावर राखणीला निजतात, दरवर्षीसारखे. तब्येत बरी आहे. खोकला आहे थोडा, पण तो आई होत्या तेव्हापासूनच आहे.

भावोजींना नमस्कार सांगा.

आपली
दक्षा


डहाणू रोड, २३ नोव्हेंबर

चि. सौ. दक्षास आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पोचली. हाताने लिहिलेला कागद घरात येऊन इतकी वर्षं झाली, की यतीनने तो आधी उलटा करून पाहिला, लग्नपत्रिका नाही याची खात्री केली आणि मग माझ्याकडे दिला. रेल्वेची नोकरी, दुसरं काय. कागद दिसला की तपासायचा.

तर गावातल्या माणसांची घरकुलं पुरी झाली आणि आता कुत्र्यांची यादी लागली म्हणायची. छान. फोटो काढायला साहेब येतील तेव्हा तुक्याला दारात नीट उभं कर.

खरं सांगू? नव्या घराला पांढरी लादी बसली तेव्हाच मी ओळखलं, की तुक्याचे घरातले दिवस संपले. लादी पांढरी, पाय चार, आणि पुसणारी तू एकटी. त्यात तू झाईची. समुद्रकाठच्या बायका घरात आलेल्या रेतीशी जन्मभर भांडतात, हे मी तुमच्या लग्नातच पाहिलंय. तुला दोष देत नाही. फक्त त्या मुक्या जिवाला बाहेर काढताना 'थंडीसाठी घर बांधतेय' असं गोड नाव कशाला द्यायचं, एवढंच मनात आलं. आई असती तर लादी काढली असती, कुत्रं नाही.

असो. डॉ. अमृत जिन्यात भेटले, त्यांना तिथेच धरलं. ते म्हणाले, पत्रा अजिबात नको, रात्री तो जमिनीपेक्षा गार पडतो. कूडच करा, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपा. तळ जमिनीला टेकू देऊ नका, विटांवर फळ्या टाकून उचला, कारण थंडी वरून जेवढी येते त्याच्या दुप्पट खालून चढते. अंथरायला पोतं किंवा जुनी चादर घातली तर ती दंव ओढून घेते आणि ओलीच राहते. कोरडा पेंढा घाला, भरपूर, की त्यात खड्डा करून बसता यावं. दाराची बाजू वाऱ्याकडे नको. दार ठेंगणं, वर गोणपाटाचा पडदा. आणि ऐसपैस तर मुळीच नको. आत शिरून एक गिरकी घेऊन बसता आलं की पुरे. अंगाच्याच उबेने जागा तापायची असते, मोठी जागा तापत नाही. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, मी त्यांना शहरी बाई वाटले असेन.

एक कळलं नाही. आबा खळ्यावर निजतात, तर तुक्या त्यांच्याच पायाशी असणार. मग वेगळं घर कुणासाठी? भात घरात आलं की आबा पडवीत येतील, मागून कुत्रंही येईल. पडवीलाही लादी लावलीत का?

मुक्ता


वेवजी, २९ नोव्हेंबर

ती. मुक्ताताईंना नमस्कार.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं कळलं. कूड आणि पेंढा बरोबर वाटतं. पत्र्याचं मी मनातून काढलं.

पण ताई, इतकं लहान चालायचं नाही. तुक्याला अंग मुडपून निजवत नाही, गुडघे धरतात. आणि रात्रीतून दोनदा तरी उठून बाहेर जावं लागतं, तर दार फार ठेंगणं झालं तर वाकताना तोल जाईल. डॉक्टरांना विचाराल का, की उंची वाढवली आणि ऊबही राहिली असं काही होतं का? आत कंदील टांगला तर चालेल का, की पेंढा पेटायची भीती? पेंढा टोचतो, त्यावर गोधडी घातली तर ती पण ओली होईल का?

लादीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. पडवीला नाही लावली.

भात कणग्यात भरून झालं. उरलेला पेंढा रचायचा आहे.

दक्षा


डहाणू रोड, ३ डिसेंबर

दक्षा,

तुझं पत्र मी यतीनला गंमत म्हणून वाचून दाखवलं. कंदील लावून निजणारा कुत्रा आणि पेंढ्याला नाक मुरडणारा कुत्रा म्हणून तो खूप हसला. मग मी ते पुन्हा एकटीने वाचलं.

कुत्र्याचे गुडघे धरत नाहीत. कुत्रा वाकून दारातून निघत नाही, तो मुळात वाकलेलाच असतो. तुला खोटं लिहिता येत नाही, ही तुझी चांगली गोष्ट आहे. म्हणून आता सरळ लिही. भात कणग्यात गेलं, खळं रिकामं झालं. मग माझा बाप कुठे निजतो?

मुक्ता


वेवजी, ६ डिसेंबर

ती. मुक्ताताईंना,

खळ्यावर निजतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पाऊस पडून गेला होता. तुक्या चिखलाचे पाय घेऊन आत आला आणि नव्या लादीवरून सरळ आबांच्या खाटेखाली गेला. यांनी काठीने त्याला बाहेर काढलं. लागलं त्याला, पाय उचलून चालत होता. हे म्हणाले, 'ह्या घरात कुत्रा निजणार नाही.' आबांनी काही वाद घातला नाही. वळकटी काखेत मारली आणि म्हणाले, 'मग मी पण नाही.' झालं एवढंच, ताई. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. वाटीभर शब्द सांडले, ते कुणी पुसले नाहीत.

तेव्हा कापणी तोंडावर होती. खळ्यावर राखणीला कुणीतरी निजतंच, म्हणून गावाला काही दिसलं नाही. यांनाही वाटलं, कापणी आहे तोवर राहू दे. राखणीने सगळ्यांची लाज झाकली. आता राखायला काही उरलं नाही तरी आबा तिथेच. चार बांबूंवर वाळक्या पावलीने शाकारलेलं छप्पर आहे, बाजूंनी उघडं. मी जेवण नेऊन देते. हे पण रोज एकदा बैलांच्या निमित्ताने तिकडून चक्कर मारतात, लांबून बघतात, येतात.

मी यांना दोनदा बोलले. म्हणाले, 'मी त्यांना जा म्हटलं नाही, मी कशाला या म्हणू?' आबांना बोलले. ते म्हणाले, 'मला कुणी जा म्हटलं नाही.' दोघांचंही खरंच आहे.

तुम्हाला कळू द्यायचं नाही असं यांनी मला सांगितलंय. ताईला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणतात. मी तसं कबूल केलं होतं, म्हणून कुत्र्याचं लिहिलं. तुक्याही निजतो तिथे, तेवढं खोटं नव्हतं.

आणि लादी मला आवडते, ताई. तुम्हाला चांगलं वाटावं म्हणून 'नाही आवडत' म्हणणार नाही. पण काठी मी उचलली नव्हती.

एवढंच मागणं आहे, आत्ता येऊन यांना बोलू नका. चार लोकांत मान खाली गेली तर हे आणखी ताठ होतील. पहाटे दंव फार पडतं. आबा खोकतात ते घरात ऐकू येतं. हे जागे असतात, मला माहीत आहे.

दक्षा


डहाणू रोड, ९ डिसेंबर

दक्षा,

माझ्या जिभेला हाड नाही आणि तुझ्या सहनशक्तीला तळ नाही. लादीचं मी जे लिहिलं ते माझ्या लाडक्या भावाच्या खात्यावर घालायला हवं होतं. वाईट वाटलं. यापेक्षा जास्त क्षमा मागायची मला सवय नाही, माझ्या वर्गात मुलं मागतात.

पहिल्या रागात मी पिशवी भरली होती. सकाळच्या बसने यायचं, दोघांचे कान धरायचे आणि एका खाटेवर बसवायचं. यतीन म्हणाला, तू गेलीस की नितीन बापाला आत आणेल, पण तुझ्या धाकाने आणेल, आणि तुझी बस वळली की आबा पुन्हा वळकटी उचलतील. मला हे पटलं, याचाच राग आला. त्या दोघांना मी जन्मापासून ओळखते. एकाने शब्द टाकला की तो शब्द घरातला तिसरा पुरुष होऊन बसतो, आणि त्यालाही जेवायला वाढावं लागतं.

इकडे आणावं म्हटलं, तर तिसऱ्या मजल्यावर आबा आणि कुत्रं. सोसायटीची सभा भरेल.

तेव्हा तू म्हणतेस तसंच करू. घर बांधू, आणि तुक्याचंच म्हणू. म्हणजे कुणाचीच मान खाली जायची नाही. डॉक्टरांना मी सरळ सांगितलं नाही. 'कुत्रा मोठ्या जातीचा आहे, म्हातारा आहे' म्हटलं. ते गंभीर झाले. म्हणाले, लांबी हवी तेवढी घ्या, पण रुंदी आणि उंची आवळा; छप्पर उतरतं करा, म्हणजे डोक्याकडची बाजू उंच आणि पायांकडे ठेंगणी. दोन जीव एकत्र निजणार असतील तर उत्तमच, एक दुसऱ्याला तापवतो. कंदील नको, बॅटरी पाठवते. पेंढ्यावर गोधडी चालेल, दिवसा उन्हात टाकत जा. छपराच्या पावलीवर एखादी ताडपत्री घाल, तुझ्या भावाकडे होडीवरची जुनी असेलच.

आणि लिंपायला आबांनाच लाव. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याने लिंपलेल्या कुडाला नाव ठेवलं नाही असं झालेलं नाही.

मुक्ता


वेवजी, २ जानेवारी २०२५

ती. मुक्ताताईंना नमस्कार.

तुक्याचं घर झालं.

मी आबांना म्हटलं, तुक्याला थंडी लागते, त्याच्यासाठी आडोसा करायचा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुक्याकडे पाहिलं. म्हणाले, 'लागत असेल बिचाऱ्याला.' आणि जागा आखायला बसले.

कुडाला कारवीच्या काठ्या कुठून आणायच्या हा प्रश्न होता. मी यांना काहीच बोलले नव्हते. एके दिवशी हेच डोंगराकडून दोन भारे घेऊन आले आणि खळ्यावर टाकले. तोंड आबांकडे नव्हतं. म्हणाले, 'कुत्र्याला लागतील.' आबांनी भारे सोडले, कारवी हातात घेऊन वाकवून पाहिली. नाव ठेवलं नाही म्हणजे चांगली होती.

कूड दोघांनी बांधला. लिंपताना आबा आतून आणि हे बाहेरून. मी मधे शेणमातीची पाटी घेऊन, कधी इकडे, कधी तिकडे. कुणी कुणाशी बोललं नाही. आबा तुक्याला सांगायचे, 'इथे फट राहिली बघ,' आणि हे बाहेरून ती फट भरायचे. ओला कूड आहे, ताई. आतून हात दाबला की बाहेरच्या हाताला लागतोच.

मला वाटलं होतं, लिंपून झालं की काहीतरी होईल. यांनी हात धुतले आणि घरी आले.

पण ऊब आहे. मी आत बसून पाहिलं. आबांचा खोकला पहाटे आता ऐकू येत नाही.

संक्रांतीला या.

दक्षा


डहाणू रोड, १६ जानेवारी

दक्षा,

काल रात्री पोचले. श्रुतिकाबाई उद्या तिकडे येणार म्हणून लगेच लिहायला बसले, कारण मनातलं कुणाला तरी सांगायला हवं आणि यतीन तिळाच्या वड्या खाऊन झोपलाय.

मी असं नाटक कधी पाहिलं नव्हतं, आणि मी दरवर्षी स्नेहसंमेलन बसवते. आबांनी मला हाताला धरून 'तुक्याचं घर' दाखवायला नेलं. आत तुक्याची तंबाखूची पिशवी होती. तुक्याचा चष्मा खुंटीला टांगला होता. तुक्याचा रेडिओ, तुक्याचं बामचं डबडं, तुक्याचं धोतर. मी वाकून आत गेले आणि म्हटलं, कुत्र्याची चैन आहे. आबा म्हणाले, 'हो, म्हातारपणी बरं मिळालं त्याला.' नितीन दाराशी उभा राहून म्हणाला, उत्तरेचा वारा अजिबात लागत नाही, दार मुद्दाम तिकडे केलं नाही. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, कारवी चांगली निवडलीय. नितीनने ते ऐकलं. त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. मग आपण सगळ्यांनी तिळगूळ खाल्ला आणि इतकं गोड बोललो, की बोलायचं होतं ते कुणीच बोललं नाही.

मी त्यात पुढे होते. वर्गातल्या साठ पोरांना एका नजरेत बसवणारी बाई, तिथे पेंढ्याची तारीफ करत होती.

निघताना आबांना एकटं गाठून म्हटलं, डहाणूला चला महिनाभर. ते म्हणाले, 'तुक्याला जिना चढवत नाही गं.'

पण खोकला खरंच कमी आहे. रंगही बरा दिसला. आत बसले तेव्हा मलाच उठवेना, इतकं उबदार. बसमध्ये येताना वाटत होतं, आपण दोघींनी मिळून काहीतरी जिंकलं.

मुक्ता


वेवजी, १३ मार्च

ती. मुक्ताताईंना नमस्कार.

आबांच्या बाराव्याला तुम्ही सगळं उरकून गेलात, तेव्हा माझं बोलणं राहिलं. घर माणसांनी भरलेलं होतं. आता सगळे गेले.

त्या सकाळी तुम्हाला फोनवर यांनी सांगितलं तेवढंच होतं, काही लपवलेलं नाही. चहा घेऊन मीच गेले होते. थंडी तर तेव्हा सरली होती, आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या. आबा कुशीवर होते, तुक्या त्यांच्या पाठीला टेकून. चेहरा शांत होता. तलासरीचे डॉक्टर म्हणाले, झोपेतच थांबलं. थंडीने गेले असं कुणी म्हणू शकत नाही. थंडी त्यांनी चांगली काढली.

लिहायचं आहे ते यांचं.

माणसं पांगल्यावर यांनी तुक्याला घरात बोलावलं. दोन्ही दारं उघडी टाकली, भाकर-कालवण लादीवर मधोमध ठेवलं. तुक्या उंबऱ्यापर्यंत आला आणि बसला. आत पाऊल टाकेना. यांनी हाक मारली, चुचकारलं, शेवटी उचलून आत आणलं. खाली ठेवल्याबरोबर तो लादीवरून घसरत बाहेर पळाला आणि खळ्यावर गेला. असं तीन-चार वेळा झालं. त्याला काठी आठवते, ताई. तो दुसरं काय करणार?

तेव्हापासून हे तिथेच निजतात. आबांच्याच पेंढ्यावर. जेवायला येतात, परत जातात. गाव विचारतं. आता राखणीचं निमित्तही नाही. मी रागावले, रडले, सगळं केलं.

परवा जेवायला आले नाहीत म्हणून मी जेवण घेऊन गेले, तेव्हा हे बोलले. माझ्याशी नाही, कुडाकडे बघून. म्हणाले, 'मी वाट बघत होतो. थंडी वाढली, की आबा आपणच उठून आत येतील, नाहीतर मी उचलून आणीन, असं रोज ठरवायचो. पण त्यांना थंडी लागलीच नाही, दक्षा.'

पेंढा कुणी सुचवला, दार कुठे ठेवायचं हे कुणी सांगितलं, त्यांना माहीत नाही. सांगू का, तेही कळत नाही. आपण वाईट केलं का, ताई? आबा खोकत होते. मी ते ऐकत राहायला हवं होतं का?

ते घर मोडून टाकू का? तुम्ही सांगाल तसं करते.

दक्षा


डहाणू रोड, १७ मार्च

दक्षा,

मोडू नकोस.

तू वाईट केलं नाहीस. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला ऊब दिली, याचा जाब कुणी मागितला तर माझ्याकडे पाठव. जाब कुणाला द्यायचाच असेल तर तो मला. तुला मोकळेपणाने बोलायची बंदी होती. मला नव्हती. संक्रांतीला बाप दारात होता, भाऊ दारात होता, मधे हातभर अंतर होतं आणि मला तोंड होतं. सगळे म्हणतात, मुक्ता बोलायला लागली की समोरच्याची सोय राहत नाही. त्या दिवशी मी सगळ्यांची सोय पाहिली.

नितीनला आपली पत्रं दाखवू नकोस. ते मी सांगेन, माझ्या तोंडाने. कारवी चांगली होती असं आबा म्हणाले ते त्याने ऐकलं होतं, पण ते माझ्याकडे बघून का म्हणाले, हे त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं. आबांनी आत येण्याचा अर्धा रस्ता त्या वाक्यात चालून टाकला होता. उरलेला अर्धा कुणाचा होता, हे मला कळलं होतं आणि मी वडी खात होते.

त्याला आत बोलावू नकोस. रडूही नकोस त्याच्यापुढे. आपल्या घरातला पुरुष बोलावून आत येत नाही आणि रडण्याने तर तो गावाबाहेर जातो.

शनिवारी पहिल्या बसने येते. किती दिवस राहीन ते सांगत नाही, यतीनला डबा लावून दिलाय. माझं अंथरूण घरात घालू नकोस, खळ्यावर घाल. त्या कुडात एक माणूस आणि एक कुत्रा मावतो, त्याहून जास्त जागा आपण ठेवलेली नाही. मी आडवी झाले की कुणाला तरी उठून जावं लागेल. तुक्या उठणार नाही. मीही उठणार नाही.

तू फक्त घराच्या दाराला कडी लावू नकोस.

मुक्ता